चार खुर्च्या, अकरा घरं

४ मार्च

चि. मास्तरास,
ताईचे अ. उ. आ.

तुझं पुस्तक पोचलं. मागे तुझा फोटो, हातात चष्मा. आईनं त्यावर दोनदा हात फिरवला, मग खोकल्याची उबळ आली म्हणून मी काढून घेतलं. लहानपणी पाट्या मांडून शाळा-शाळा खेळायचास म्हणून तुला मास्तर म्हणायचो. आता खरंच गरिबीचा प्राध्यापक झालास. गरिबीवर एवढं पोट भरतं हे आम्हाला माहीत नव्हतं बाबा!

आता मूळ गोष्ट. सोमवारी आईचं श्वासाचं औषध आणायला सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर गेले, तर कारकून म्हणाला की सवलतीचं कार्ड बंद झालंय. एकटीचं नाही, आमच्या बोळातल्या अकराही घरांचं. का, तर कुणी मोठ्या प्राध्यापकानं पाहणी केली आणि या लोकांना मदतीची गरज नाही असं निघालं. त्यानं अहवालाचं पान काचेला लावून दाखवलं. खाली तुझं नाव. तो माझा भाऊ आहे हे सांगायला माझी जीभ उचलली नाही.

हे काय करून ठेवलंस तू? उलट टपाली कळव. वरचा आशीर्वाद सवयीनं लिहिलाय, त्यावर जाऊ नकोस.

ताई

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून वाईट वाटलं, पण त्याहून जास्त राग आला. बावीस वर्षं मी हेच काम करतोय. उत्पन्न विचारलं की लोक थापा मारतात, म्हणून घरातल्या वस्तू मोजायची पद्धत मी काढली. माझे तीन विद्यार्थी तुमच्या बोळात दारोदार फिरले. प्रत्येक घरात चार-चार खुर्च्या! फोटो पुस्तकात छापलेत. ज्याच्या घरी चार खुर्च्या त्याला फुकट औषध कशाला, हे शेंबडं पोरही सांगेल. तिथे बहीण राहते म्हणून आकडे बदलू का?

आईचं औषध मी इथून पाठवतो. बाकीच्या दहा घरांचा ठेका तू घेऊ नकोस. पाच एप्रिलला मला सरकारी सल्लागार समितीचा अध्यक्ष नेमायचं घाटतंय. अर्जबिर्ज करून माझ्या वाटेत काटे पेरू नकोस.

आईला नमस्कार. डोकं थंड झालं की लिही.

तुझा भाऊ

१७ मार्च

शहाण्या,

आज अ. उ. आ. नाहीत.

अरे, घराघरात चार खुर्च्या नव्हत्या. अख्ख्या बोळात मिळून चार होत्या, आणि त्याही कात्रीकाकांच्या केस कापायच्या दुकानातल्या! सहा वर्षांत उंबरा ओलांडला असतास तर तुला कळलं असतं.

आणि हे सोंग करायला कुणी सांगितलं? तू! तुझं मागच्या वर्षीचं पत्र माझ्या शिलाई मशीनच्या खणात आहे. त्यात लिहिलंयस की माझी माणसं येताहेत, चांगल्या घरची आहेत, त्यांना जमिनीवर बसवून माझं नाक कापू नकोस, शेजारच्यांनाही बजावून ठेव. म्हणून मी काकांच्या हातापाया पडून खुर्च्या आणल्या. तुझी माणसं पुढच्या दारानं निघाली की खुर्च्या मागच्या दारानं पुढच्या घरी. अशी अकरा घरं. माझा खांदा आठवडाभर धरला होता. त्या तिघांच्या माना वहीत, वर बघितलंय कुणी! आम्ही तुझी अब्रू डोक्यावर वाहिली रे, आणि तू तीच आमच्या नावावर मांडलीस.

पुस्तक काढ. पान एकेचाळीस, अठ्ठावन्न, त्र्याहत्तर. तारेनं हात बांधलेली लाल खुर्ची तिन्ही घरांत आहे. एवढा चष्मा लावून दिसली नाही?

पाच तारखेच्या आत समितीला सांग. आईचं औषध तू पाठवशील, पण कात्रीकाकूंचं इन्सुलिन कोण पाठवणार?

ताई

२२ मार्च

ताई,

खोटं तू बोललीस आणि वर मलाच दटावतेस. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मी आदरातिथ्य कर म्हटलं होतं, नाटक नाही.

आता तोंड उघडलं तर काय होईल ठाऊक आहे? गरिबी मोजायला निघाला आणि ह्याला एक खुर्ची ओळखता आली नाही, असं म्हणून लोक हसतील. बावीस वर्षं पाण्यात जातील. दुसऱ्या आवृत्तीत मी दुरुस्ती करीन, वर्ष-दीड वर्षात. तोवर गप्प राहा आणि ते पत्र फाडून टाक. खुर्च्यांचं म्हणशील तर सगळ्या सारख्याच दिसतात.

भाऊ

२६ मार्च

मास्तर,

काकूंची साखर तुझ्या दुसऱ्या आवृत्तीची वाट बघत नाही. काकांनी इन्सुलिनसाठी तीन खुर्च्या विकल्या. गिऱ्हाईक आता उभं राहतं. लाल खुर्ची कुणी घेतली नाही, हात मोडका म्हणून.

सगळ्या सारख्याच दिसतात होय? तो हात तू मोडलास! सात वर्षांचा होतास. केस कापताना भोकाड पसरून त्याला लोंबकळलास आणि तो कडकन तुटला. तुला मार पडेल म्हणून काकांनी लगेच तार गुंडाळली आणि बाबांना सांगितलं की खुर्ची आपल्याच हातून पडली. तीच तार अजून आहे.

पाच तारखेला मी आणि काका ती खुर्ची घेऊन समितीच्या दारात येतोय. तुझं पत्रही आणतेय. आई म्हणाली, जाऊ नकोस, पोराचं नुकसान होईल. त्यानंतर तासभर खोकत होती.

ताई

३१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

येऊ नका. काल मी स्वतःच समितीला ते तीन फोटो दाखवले. तुला काय लिहिलं होतं तेही सही करून लिहून दिलं. अध्यक्षपद गेलं, विद्यापीठानं चौकशी लावलीय. एक जण तर तोंडावर हसला. कार्डं उद्यापासून चालू होतील आणि पंधरा दिवसांत नवी पाहणी होईल.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही, उगाच गोड बोलत नाही. माझं होत्याचं नव्हतं झालं. पण तुझं पत्र आल्यावर पान एकेचाळीस उघडून भिंगातून ती तार बघत बसलो. तिला तीन वेढे आहेत. मी रडायचं थांबावं म्हणून काकांनी ते मला मोजायला लावले होते. एवढं मला आठवत होतं, ताई. खुर्ची तेवढी ओळखली नाही.

आईला सांगायचं की नाही ते तू ठरव. काकांना कुठल्या तोंडानं भेटू, तेही तूच सांग. लोभ मागायची सोय मी ठेवलेली नाही.

या वेळी येतील ती माणसं माझी नाहीत. त्यांना जमिनीवर बसव.

धाकटा