आईच्या नावावरची पावलं

३ जुलै

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

लाकडी पट्टीचा टेबलावर पडणारा तो टक-टक आवाज तुला आठवतो का? तू सातवीत, मी चौथीत, आणि दोन वर्गांच्या मधे नुसती फळ्यांची भिंत. पलीकडे तुमचे गुरुजी पट्टीनं ठेका धरायचे आणि तुमचा अख्खा वर्ग भुजंगप्रयात घोळवत कविता म्हणायचा. इकडे मी गणित सोडून बाकाखाली त्याच ठेक्यावर पाय हलवायचो आणि छड्या खायचो. इतक्या वर्षांनी तो ठेका माझ्या घरात परत आलाय.

झालं असं, की तुझ्या भाचीनं, आमच्या खारूनं, चालायचं यंत्र पाठवलंय. ट्रेडमिल. शाळेत खेळाच्या तासाला मुलांना पळवून बाईंचं समाधान होत नाही, आता आईला पळवणार आहेत. हिचं शिवणयंत्र खिडकीपासून हलवून तिथं ते बसवलंय. चढण्याआधी पडद्यावर नाव निवडायचं, ‘आई’ किंवा ‘बाबा’. मग ते पावलं मोजतं आणि मोजलेली पावलं खारूच्या फोनवर दिसतात. रोजचं टार्गेटही तीच तिकडून ठरवते. मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, त्यामुळे मी त्याला उद्दिष्ट म्हणतो. धाप दोन्हींना सारखीच लागते.

खारूचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नोव्हेंबरात तिचं बाळंतपण. तोवर आईच्या पायांत जिने चढायचं बळ यावं, हा सगळा बेत.

पण अक्का, ही चौथ्याच दिवशी पट्ट्यावर मटकन बसली. डॉक्टर म्हणाले, हृदय फार दिवसांपासून थकलेलं आहे. आता जिने नाहीत, यंत्र नाही, खुर्ची ते पलंग एवढंच. खारूची कूस याआधी दोनदा रिकामी झालीय, तुला ठाऊकच आहे. या खेपेला तिला झोपून राहायला सांगितलंय आणि कसलाही धक्का बसता कामा नये. ही म्हणाली, आईच्या नावापुढे शून्य दिसलं की पोरगी समजायचं ते समजेल. म्हणून ‘आई’ हे नाव लावून मी चालतो.

ही शेजारी खुर्चीत बसून मला शिकवते. पावलं लहान टाका. मधेच थांबा, मी चष्मा पुसायला थांबतेच. थांबल्यावर पहिली चार पावलं भरभर, मागं राहून गेल्यासारखी. जवळजवळ चाळीस वर्षं हिच्या शेजारून चाललो आणि हे एकदाही लक्षात आलं नव्हतं. मी शार्दूलविक्रीडिताच्या चालीवर पावलं टाकून पाहिली, तर एकोणिसाव्या अक्षराला यंत्राची दांडी धरावी लागली. ही इतकी हसली की तिलाच पाणी द्यावं लागलं.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि माझ्याच्यानं हे ओरडून सांगवणार नाही, म्हणून लिहिलं. लोभ आहेच, या खेपेला त्यात थोडा राग मिसळलास तरी चालेल.

तुझा धाकटा

१९ ऑगस्ट

ती. सौ. आईस,
पलंगावरूनच वाकून नमस्कार.

शाबास! तीनदा शाबास! काल तू टार्गेटच्याही पुढे गेलीस. यांना फोन दाखवला तर म्हणाले, सासूबाईंना आंतरशालेय स्पर्धेत उतरव. मी इथं गादीवर भोपळ्यासारखी पडून असते. सकाळी डोळे उघडले की पहिल्यांदा फोन बघते. तुझी पावलं एकेक करून वाढताना दिसतात ना, तेव्हा वाटतं तू बाहेरच्या खोलीत वावरतेयस. मधे थांबतेस तेसुद्धा दिसतं हं. चष्मा पुसत असशील. मग घाईघाईनं निघतेस. मी हसते आणि बाळ आतून लाथ मारतं.

बाबांच्या नावापुढे मात्र भलंमोठं शून्य आहे. त्यांना म्हणावं, कविता म्हणायला पाय लागत नाहीत हे मान्य, पण गुडघ्यांना गंज चढेल. तुझ्याकडून काहीतरी शिका म्हणावं.

पुढच्या आठवड्यापासून तुझं टार्गेट वाढवतेय. कुरकुर चालणार नाही, मी वर्गात कुणाची ऐकत नाही. तू चार मजले चढून माझ्या दारात धापा टाकत उभी आहेस, एवढं एकच चित्र डोळ्यांपुढे ठेवलंय मी. खरं सांगू? मला फार भीती वाटते गं. मागच्या दोन्ही खेपा आठवतात. तू आलीस की नाही वाटणार.

बाबांना गोड पापा, तुला घामट मिठी.

तुझी खारू

२ सप्टेंबर

चि. कविराजास,
अ. उ. आशीर्वाद.

राग मिसळ म्हणालास, तर नुसता रागच पाठवतेय.

खारूनं आईला लिहिलेलं पत्र तू कौतुकानं मला पाठवलंस. ते वाचून मला रडू आलं आणि तुला हसू आलं असेल, तर तू अजून चौथीतच आहेस. अरे, ती पोर लिहितेय की तिला भीती वाटते, आई हवी आहे. आई येणार नाही हे तुम्हा दोघांना माहीत आहे. तिला तेवढं माहीत नाही. तुझी बायको आजारी आहे, तिचं डोकं मायेनं फिरलंय, तिला मी काही बोलणार नाही. तुला बोलते. जावयाला तरी सांग. आत्ता सातवा चालू आहे, डॉक्टरांना विचारून गाडीत आडवी घालून आणता येईल. आईच्या पलंगाशेजारी दुसरा पलंग टाक. दोघी पडल्या पडल्या एकमेकींना बघतील. उद्या वेळ निघून गेली, तर यंत्रावर कितीही चाललास तरी तिथवर पोचायचा नाहीस.

तू लिहितोस की खारू ‘शाबास’ म्हणते तेव्हा तुझ्या बायकोच्या चेहऱ्यावर रंग चढतो. चढू दे. पण ती शाबासकी तुझ्या गुडघ्यांना मिळतेय, एवढं ध्यानात ठेव. गुडघ्यांना तेल लाव. आणि सांग तिला.

तुझ्यावर माया करून करून कान गेले माझे, आता डोळेही घालवू नकोस.

अक्का

२४ ऑक्टोबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

खारूला मुलगी झाली हे मागच्या कार्डात कळवलं होतं. दिवसांआधी आली म्हणून काचेच्या पेटीत ठेवलीय, पण जीव चांगला आहे, बोट धरते म्हणतात. हिनं फोनवर तिला पाहिलं. फोटोवरूनच माप काढून कात्री मागितली. झबलं अर्धं शिवून झालं होतं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी हिच्याशी भांडलो, अक्का, खरंच भांडलो. ही म्हणाली, बाळ हाती येऊ दे. बाळ आलं. मग म्हणाली, टाके भरू देत, पोर पेटीतून घरी येऊ दे, मग मी स्वतः सांगेन, तुम्ही बोलायचं नाही. मी हो म्हटलं. हिला नाही म्हणायची सवय मी कधी केलीच नाही.

मंगळवारी सकाळी मी नेहमीसारखा हिच्या नावानं चाललो. ही खुर्चीत, मांडीवर झबलं. मी मधे थांबलो, चष्मा पुसल्यासारखं केलं. एरवी ही तेवढ्यात काहीतरी बोलते. बोलली नाही. वाटलं, सुईत दोरा ओवतेय. उद्दिष्ट पुरं झालं की यंत्र एक धून वाजवतं आणि पडद्यावर झेंडा फडकतो. झेंडा फडकला. तो दाखवायला मी हिच्याकडे वळलो.

तेवढंच, अक्का. पुढचं मला लिहिता येत नाही.

खारू येऊ शकली नाही. टाके कच्चे, बाळ पेटीत. फोनवर तिनं एकच विचारलं, आई आज सकाळी चालली होती का? तिच्या फोनवर तर पावलं दिसतच होती. मी हो म्हणालो. मग तिनं फोन ठेवला.

तुला प्रवास झेपणार नाही, येऊ नकोस. माया तेवढी आहे तिथून असू दे.

तुझा धाकटा

२२ नोव्हेंबर

ती. बाबांस,
नमस्कार.

फोनवर मला रडू फुटतं, म्हणून लिहितेय.

आई गेल्यापासून तो पावलांचा हिशेब मी उघडला नव्हता. आज बाळ पहिल्यांदा पोटभर प्यायलं आणि मला आईला सांगावंसं वाटलं. म्हणून उघडला. तर तिथं आजची पावलं. कालची. परवाची. लहान लहान, मधे थांबून, मग भरभर. बाबा, क्षणभर मला आनंद झाला. मी मोठ्यानं आई म्हणून हाक मारली. हे स्वयंपाकघरातून धावत आले.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुमच्या डॉक्टरांना फोन लावला. जुलैपासून आईला चालायची बंदी होती, असं ते म्हणाले.

हा महिना मी कसा काढला, ते तुम्हाला माहीत नाही. मी तुम्हाला विचारलं, त्या सकाळी चालली होती का. तुम्ही हो म्हणालात. मी दर आठवड्याला टार्गेट वाढवत गेले, माझ्या हट्टापायी ती चालत गेली आणि चालून चालून गेली, असं मी धरून बसले होते. मुलीला छातीशी घेताना वाटायचं, मी आई व्हायच्या लायकीची नाही. तुमच्या एका शब्दानं ते थांबलं असतं.

आणि मी शाबास कुणाला म्हणत होते? तुमच्या पायांना. मी आडवी पडून आले असते, बाबा. तिनं मला काही सांगितलं असतं. मी तिला काही विचारलं असतं. नुसती तिच्याकडे बघत पडले असते. तुम्ही दोघांनी मला भीतीपासून वाचवलंत आणि माझ्या वाट्याला आईचं शेवटचं काही ठेवलंच नाहीत. नक्कल मात्र हुबेहूब केलीत.

आता आईच्या नावावर एकही पाऊल टाकू नका. मला फोन करू नका. मी त्या घरी येणार नाही. कधी येईन का, माहीत नाही.

लोभ कुणी कुणावर करायचा, तेच कळेनासं झालंय.

खारू

१ डिसेंबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

खारूचं पत्र सोबत ठेवलंय. तू जे बजावलं होतंस, तेच तिनं लिहिलंय, फक्त आता उशीर झाल्यावर.

पत्र आलं त्याच क्षणी यंत्र बंद केलं आणि त्यावर चादर टाकली. दोन-तीनदा उत्तर लिहायला बसलो. शुद्धलेखन बिनचूक होतं, बाकी सगळं चुकलेलं. फाडून टाकलं. ही गेल्यावर मी का चालत राहिलो, ते तिला कसं सांगू? ही घरात कुठंच नाही. कपाटात कपडे आहेत, पण त्यांना आता धुतल्याचा वास येतो. फोटोत ही परक्यासारखी ताठ बसलीय. पण यंत्रावर चढलो, मधे थांबलो आणि मग ती चार पावलं भरभर टाकली, की ही माझ्या गुडघ्यांत असायची. तेवढीच जागा उरली होती. पावलं अजून खारूला दिसत असतील, हे शपथेवर सांगतो, माझ्या ध्यानातच नव्हतं.

परवा चादर काढली. म्हटलं, आपलं स्वतःचं नाव लावून चालावं, त्यावर कुणाची बंदी नाही. ‘बाबा’ निवडलं आणि उभाच राहिलो. माझी चाल कशी होती तेच आठवेना, अक्का. पाय उचलला की हिचाच पडतो. उतरलो, चादर परत टाकली. लहानपणच्या कविता म्हणून बघतो, ठेका हाती लागत नाही. फोन दोन-तीनदा वाजला. उचलला नाही. कुणाला काय सांगू? दिवसभर हिच्या खुर्चीसमोर बसतो. खुर्चीत मात्र बसवत नाही.

खारू मला माफ करणार नाही, आणि तिनं करावं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? एवढंच वाटतं, की त्या पोरीनं स्वतःला दोष देत काढलेला तो महिना कुणीतरी

वाक्य अर्धं राहिलं, अक्का. बेल वाजली. पेपराचं बिल न्यायला आले असतील म्हणून चष्मासुद्धा न घालता दार उघडलं.

दारात खारू. छातीशी शालीत गुंडाळलेलं बाळ, खांद्यावर पिशवी, केस विस्कटलेले. प्रवासभर उभी राहून आल्यासारखी दिसत होती. मला बघितलं आणि ती चौकटीला टेकली. मग एकदम बोलायलाच लागली. इतके दिवस नुसतं शून्य का दिसतंय, फोन का उचलत नाही, माणसानं काय समजायचं. मी म्हटलं, तूच चालू नका म्हणालीस. ती म्हणाली, आईच्या नावावर नका म्हणाले होते, तुमचं नाव काय पुसलं होतं का? रोज सकाळी दोन्ही नावांपुढे शून्य, दोन्ही नावांपुढे.

राग गेला नव्हता. डोळ्यांत तसाच होता. मी आत ये म्हटलं तर आत येईना, तिची नजर माझ्या खांद्यावरून खिडकीकडे, त्या रिकाम्या खुर्चीकडे लागलेली. मग बाळ कुरकुरलं. खारूनं ते शालीसकट उचलून माझ्या हातात दिलं आणि उंबऱ्याबाहेर खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागली.