सतरा ओळी

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझे गुडघे आणि तुझं शिलाई मशीन, दोघांचीही कुरकुर कमी झाली असेल अशी आशा आहे. इकडे बाबांची तब्येत ठणठणीत, आवाज त्याहून. ते जुनं इंग्रजी महाकाव्य मराठीत आणण्याचं त्यांचं काम अकराव्या वर्षी संपलं. बायबलमधला पहिला पुरुष, पहिली स्त्री, ती बाग, मनाई केलेलं फळ आणि शेवटी दोघांची हकालपट्टी. दहा हजारांवर ओळी! शेवटची सांगून झाली आणि त्यांनी चहा मागितला. बस्स.

आता पोटातलं सांगते. दृष्टी गेल्यापासून बाबा रोज सकाळी ओळी सांगतात, मी वहीत उतरवते आणि दुसऱ्या दिवशी वाचून दाखवते. त्यातल्या सतरा ओळी मी बदलल्या आहेत. सगळ्या त्या बाईच्या तोंडच्या. दर वेळी तिनेच मान खाली घालायची, तिनेच दोष पदरात घ्यायचा, हे माझ्याने लिहवेना. म्हणून वहीत माझी ओळ लिहायची आणि वाचताना त्यांची ओळ पाठ म्हणायची, असं मी केलं. चाळीस वर्षं छापखान्यात लोकांच्या चुका पकडणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत धूळ फेकली, तीही डोळे गेल्यावर. मला माझीच शरम वाटते.

वीस तारखेला प्रकाशकांकडचे संपादक येऊन सगळी वही बाबांना वाचून दाखवणार आहेत. गुपचूप पूर्ववत करून टाकू का? त्यांची प्रत्येक ओळ मला पाठ आहे. पण एक ओळ अशी आहे, की ती खोडायला हात उचलत नाही. तूच सांग काय करू.

माझ्यावर लोभ आहेच, तो या पत्राने आटू देऊ नकोस.

तुझी भेदरलेली,
चिवू


९ फेब्रुवारी

चि. चिवूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले, मग घाम फुटला. अगं, नवी नवी सासरी आले तेव्हा मी धाडलेली पत्रं तुझा बाप लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवायचा. मोठ्या बहिणीची पत्रं! दोनदा सोसलं, तिसऱ्यांदा कोरा कागद पाठवला. त्याच्या वहीत तू सतरा ओळी घुसवल्यास, म्हणजे धन्य आहे तुझी.

पण गुपचूप खोडू नकोस. एक खोटं झाकायला दुसरं कशाला? मी जन्मभर लोकांचे कपडे शिवले. गिऱ्हाइकाच्या कापडावर आपली हौस करावीशी मलाही वाटली, पण कात्री लावण्याआधी विचारलं. तू आधी विचारलं नाहीस, आता नंतर तरी सांग. आणि ते संपादक येण्याआधी सांग. परक्याच्या तोंडून कळलं तर तो मोडून पडेल.

आरडाओरडा केला तर खुशाल करू दे. गप्प बसला तर मात्र त्याला लागलंय असं समज, आणि त्याच्याजवळून हलू नकोस. जेवत जा वेळेवर. काय झालं ते लगेच कळव, माझा जीव टांगणीला लावू नकोस.

तुझी,
आत्या


१८ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी सांगतोय आणि चिवू लिहितेय. तिने मला सगळं सांगितलं. तूच भरीस घातलंस असं कळलं, बरं केलंस.

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. ती समोरच्या खुर्चीत बसून राहिली. तिसऱ्या दिवशी तिला सतराही ओळी वाचायला लावल्या. सोळा जागच्या जागी रद्द केल्या. मूळ कवीची बाई जे बोलते तेच माझ्या मराठीतही बोलेल. तिच्या वतीने भांडायचा अधिकार अनुवादकाला नाही, आणि त्याच्या मुलीला तर मुळीच नाही.

सतरावी अशी होती: फळ मी तोडलं, भूक दोघांची होती.

अक्का, मी तिला ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली, मग आणखी एकदा. ती अनुवादात राहणार नाही, कारण मूळ काव्यात ती नाही. पण पुस्तकाच्या आरंभीच्या कोऱ्या पानावर ती एकटी छापायची, खाली चिवूचं नाव घालून. संपादकांना मी तसं बजावणार आहे.

अकरा वर्षं ही मुलगी माझ्यासमोर बसून लिहितेय, आणि पोरी तुला काय वाटतं, असं मी एकदाही विचारलं नाही. याची मला लाज वाटते. ती नसती तर पहिल्या सर्गातच मी हात टेकले असते. ती मला फार प्रिय आहे. तोंडावर सांगायला जमत नाही म्हणून तुला लिहितोय. लिहून घेणारी तीच आहे, त्याला माझा इलाज नाही. मघापासून ती नाक ओढतेय.

तुला वाटेल, ही पदरचं घालतेय. तिचा पूर्वेतिहास पाहता शंका रास्त आहे. म्हणून सही माझी मी करतो. वाकडी आली तर दुरुस्त करून परत पाठवू नकोस.

या धाकट्यावर पूर्वीसारखीच माया असू दे.

आत्या, खालची सही बाबांचीच. हात धरू का म्हणून विचारलं, तर नको म्हणाले. कागद कुठे संपतो तेवढं फक्त दाखव म्हणाले.