बन्कमसाठी बेचाळीस मिनिटं

तीर्थस्वरूप वेस्टाकाकूंना होबार्टचा वाकून नमस्कार (माझी कंबर तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा त्याची किंमत धराच). नवा गुडघा काय म्हणतो? ओहायोच्या सपाटीवर गुडघा हवाच कशाला, असं डॉक्टरला विचारलंत की नाही?

गेल्या रविवारी चर्चमागे थडगी सजवण्याचा दिवस झाला. तुमची कागदी फुलं डॉयलकाकांच्या थडग्यावर वाहिली. काका गेल्यानंतरचं हे पहिलंच वर्ष, म्हणून आपल्या लेडफर्ड घराण्यातर्फे मी बोलणार हे ठरलेलंच होतं. पण नव्या पाद्रीबुवांनी (शहरातले, डोंगर त्यांनी कॅलेंडरवर पाहिलेले) अंडी उकडायचं घड्याळ काढलं आणि माणशी तीन मिनिटं म्हणाले. वर हसून म्हणतात, "होबार्टभाऊ, बाष्कळ बडबडीला इंग्रजीत तुमच्याच बन्कम परगण्याचं नाव आहे ना? म्हणून आपली काळजी घेतो."

आता एवढ्यावर गप्प बसलो असतो तर लेडफर्ड कसला? मी म्हटलं, त्या शब्दाचा जन्म ऐकूनच घ्या. दोनशे वर्षांपूर्वी आपला प्रतिनिधी संसदेत बोलायला उभा राहिला. मिसुरीला राज्य म्हणून घ्यायचं की नाही या वादाने सगळे कंटाळलेले, मत घ्या, मत घ्या म्हणून ओरडत होते. हा म्हणाला, मी तुमच्यासाठी नाही, बन्कमसाठी बोलतोय. झालं, तेव्हापासून फोल बोलण्याला जग बन्कम म्हणतं. पण ज्यांच्यासाठी तो बोलला त्यांना कुणी विचारलं का, की बाबांनो, तुम्हाला ऐकायचं होतं का? दोनशे वर्षांत एकानेही नाही. मग ओघाने पणजोबांचं खेचर आलं, पुलाचं भांडण आलं, तंबाखूची कोठारं आली.

घड्याळ चौदा वेळा वाजलं. बोलणं संपल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही ही आपली रीत (मुंग्यांना ती कुणी शिकवलेली नाही). केळ्याचं पुडिंग पातळ झालं, कोंबडीच्या रश्शातले उंडे गोठले. शेवटी ओमा पेनलँड मागून म्हणाली, "होबार्ट, मेलेल्यांना वेळ आहे रे, आम्हाला नाही. मत घ्या." आणि खरंच घेतलं की: पुढल्या वर्षीपासून भाषणं ठेवायची की बंद करायची. अठरा हात इकडे, अठरा तिकडे. निकाल लोंबकळला आहे. मला मात्र एका शब्दाचाही पश्चात्ताप नाही, आणि ओमाला तसं कळवलं आहे.

तुमचा,
होबार्ट

ता.क. बंद करा म्हणणाऱ्या हातांत एक रेथाचा होता. तीस वर्षं संसार केलेली बायको. उंडे तिचे होते.

आणखी एक. दफनभूमीच्या सभासदांच्या यादीत तुमचं नाव अजून आहे आणि पत्राने मत चालतं. पाद्रीबुवांकडून कबूल करून घेतलंय. येत्या रविवारच्या आत पोचू द्या.

शेवटचं (मत टपालात टाकल्यावरच वाचा). परतताना गाडीत रेथा म्हणाली, बेचाळीस मिनिटांत तू डॉयलकाकांचं नाव एकदाही घेतलं नाहीस. मी सगळा रस्ता आठवत आलो. नाही घेतलं. म्हणून पुढलं वर्ष हवंय, काकू. पहिल्या वाक्यात घेईन. फार तर दुसऱ्या.