उघडं दार, फक्त लायक लोकांसाठी

३ नोव्हेंबर, रविवार
नव्या समूहाचं नाव ठरलं: ‘उघडं दार’. हैफात धर्म म्हणजे एकतर दाढीवाल्यांची मक्तेदारी, नाहीतर ठणठणगोपाळ. मी तिसरी वाट काढतोय. बायका-पुरुष बरोबरीने, प्रार्थनेला ढोल, भिंतीवर चित्रं, सगळ्यांचं स्वागत.

शाल्तिएल सोडून. जुन्या सिनेगॉगचा हा कारभारी. गेल्या वर्षी आईच्या मृत्यूच्या वर्षदिनी माझ्या धाकट्या बहिणीला, ओफ्राला, त्याने कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणू दिली नाही. या प्रार्थनेला दहा माणसं लागतात आणि बाई माणसांत धरत नाहीत म्हणे. बिचारी पडद्यामागे रडली. यंदा वर्षदिन पंधराला, शुक्रवारी. तिला शब्द दिलाय, दादाकडे तू म्हणशील.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
पहिली प्रार्थना. गर्दी बरी. निम्मे फुकटे. ऐंशीच्या तिर्झाबाई मी ढोल वाजवत असताना शेवयांचा कुगेल चापत होत्या. वर विचारतात, हे कधी थांबणार? यांच्या सात पिढ्यांत कलेचा संबंध आलेला नाही. स्वागतालासुद्धा काही दर्जा हवा.

१० नोव्हेंबर, रविवार
दाराला आकडे दाबायचं इलेक्ट्रिक कुलूप बसवलं. कोड फक्त लायक लोकांना.

ओफ्रा म्हणाली, दादा, शब्बाथला बटण कोण दाबणार? शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत विजेच्या वस्तूला हात लावायचा नाही, हे ती पाळते, तिर्झाबाई पाळतात, येणारे निम्मे पाळतात. मी म्हटलं, आपण पुढारलेले आहोत. ती म्हणाली, तू आहेस, आम्ही नुसते येतो. आमचं घराणंच हट्टी, मी सोडून. शेवटी कबूल केलं, शुक्रवारी दार उघडं राहील अशी खुर्ची लावून ठेवीन.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपार
ओफ्राचा फोन. वर्षभर पाठ करतेय, तरी ऐनवेळी आवाज फुटला नाही तर, अशी धास्ती. मी म्हटलं, घाबरू नकोस, ढोल आहे. तिने फोन ठेवला. भारावली असावी. खुर्ची लावली.

त्याच दिवशी, प्रार्थनेनंतर
वैताग. कुणी अनोळखी इसम ‘बाथरूम आहे का’ विचारत आत शिरला. त्याला हाकललं, खुर्ची काढली, दार लावलं. पाचच मिनिटांसाठी. मग ढोल रंगला आणि राहिलंच.

आत आम्ही मोजून सहा. बाकीच्यांना वेळेची किंमत नाही. ओफ्रासुद्धा नाही! दारावर कुणीतरी बडवत होतं. शेजारी असणार, रसिकता शून्य. मी आणखी जोरात वाजवला. थोड्या वेळाने अंगणातून मोठ्याने ‘आमेन’. शाल्तिएलची खोडी, दुसरं काय. खिडकी लावून घेतली. सहा जणांत कद्दीश होत नाही, म्हणून झाली नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार संध्याकाळ
शब्बाथ संपल्याबरोबर ओफ्राचा फोन. हात दुखेपर्यंत दार ठोकलं म्हणे. मग सगळे अंगणातच उभे राहिले. बायका धरून दहा भरले. तिने कद्दीश म्हटली. आवाज एकदाही अडखळला नाही. तिर्झाबाईंनी हात धरला होता.

मी म्हटलं, मला बोलवायचंस तरी. म्हणाली, सुचलंच नाही रे दादा, दहा पूर्ण होते.

आई माझीही होती. विचारलं, मी आता घरी एकट्याने म्हटली तर चालेल का?

म्हणाली, दहा लागतात. बघ, तुझ्याकडे कोण येतंय का.