खोली क्रमांक चौदामधली दुसरी जागा

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, धंद्याने गाद्या आणि सोफे शिवणारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे पूर्ण नाव, पत्ता आणि वारसांची नावे वकीलबाईंनी वेगळ्या पानावर टंकून जोडली आहेत. इथे मी प्रत्येकाला घरात जसे ओळखते तसेच लिहीन. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. तो मुलाने मागितला होता. कुणाच्या दबावाखाली लिहीत नाही असे लिहायची पद्धत आहे म्हणतात. मी सगळ्यांच्या दबावाला कंटाळून लिहीत आहे, याची नोंद घ्यावी.

हे लिहिण्याचे कारण असे. सात वर्षे आमच्या घरात एकच प्रश्न लोंबकळतो आहे: त्या छोट्या जहाजावरची सात रात्रींची सफर पैशांच्या लायकीची आहे की नाही. यंदा मी निकाल लावायचे ठरवले, तेव्हा मुलगा म्हणाला, आधी मृत्युपत्र कर, म्हणजे मागे किती उरते ते तुझे तुलाच दिसेल. त्याला वाटले, आकडा समोर आला की आई गप्प बसेल. जहाजाच्या कचेरीने आमच्यासाठी शनिवारपर्यंत खोली धरून ठेवली आहे. मी सोमवारी लिहायला बसले.

कलम एक. घर आणि खालचे दुकान आम्हा दोघांच्या नावावर आहे. आम्हा दोघांपैकी जो मागे राहील त्याचे ते आपोआप होते, त्यामुळे इथे वाटण्यासारखे काही नाही. मी आधी गेले तर आमच्या ह्यांना, म्हणजे माझ्या पतीला, दोन्ही लखलाभ. दुकानाच्या मागच्या खोलीतली खिडकी पंधरा वर्षे अर्धीच उघडते. ती दुरुस्त करायची की नवी बसवायची, यावर ह्यांचा विचार अजून चालू आहे. तो पुरा होईपर्यंत तिथे काम करणाऱ्याने पंखा लावावा.

कलम दोन. अवजारे. जड शिलाई मशीन, वाकड्या सुयांचा डबा आणि खिळे ठोकायची लोहचुंबकाची हातोडी हे सगळे शिवणबाईंना द्यावे. त्या आमच्याकडे एकोणीस वर्षे गाद्यांच्या कडेला गोट शिवत आहेत, आणि त्यांचा गोट माझ्यापेक्षा सरळ येतो. हे मी त्यांना तोंडावर कधी सांगितले नाही, ते चुकलेच. मोठी कात्री मुलीला द्यावी. ती वापरणार नाही हे मला माहीत आहे, पण निदान तिच्या घरात एक धार असलेली वस्तू राहील.

कात्रीवरून सांगते. आमच्या दुकानात मोजायचे काम ह्यांचे आणि कापायचे माझे. हे प्रत्येक माप तीनदा घेतात, तिन्ही वेळा तेच येते, मग खडूने रेघ मारून खडू माझ्या हातात देतात आणि बाहेर जाऊन उभे राहतात. भारी कापडाला पहिली कात्री लागताना त्यांना बघवत नाही. लग्नाला चव्वेचाळीस वर्षे झाली. या चव्वेचाळीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या हाताने एकही कापड कापलेले नाही. हा माणूस सफरीचा निर्णय घेईल म्हणून मी सात वर्षे वाट बघत बसले, तेव्हा दोष थोडा माझाही आहे.

कलम तीन. जाऊबाईंनी स्टुलासाठी म्हणून निळी मखमल मागून नेली आणि त्यात दोन खुर्च्या मढवून घेतल्या. राहिलेली अर्धा मीटर मखमलही त्यांनाच द्यावे. त्यात तिसरी खुर्ची बसत नाही, हे मी मोजून पाहिले आहे.

कलम चार. मुदत ठेव. ही माझ्या एकटीच्या नावावर आहे. दुकानाच्या कामाव्यतिरिक्त मी एकतीस वर्षे लोकांचे पडदे शिवले, त्यातून ती जमली. सफरीचा खर्च वजा केला तर ठेवीतले निम्म्याहून थोडे कमी उरते. जे उरेल ते मुलगा आणि मुलगी यांना सारखे द्यावे. दोघांचे बरे चालले आहे, दोघांना या पैशांची गरज नाही, आणि दोघे त्याबद्दल बोलताना आवाज मात्र खाली आणतात.

आता खर्च वजा का करायचा, ते लिहिते, म्हणजे मागाहून कुणी म्हातारीला चळ लागला म्हणायला नको.

सात वर्षांपूर्वी ते जहाज आमच्या बंदरात डागडुजीला आले होते. खोल्या सव्वीस आणि माणसे बावन्न, एवढेच ते जहाज. खिडकीखालच्या बाकांच्या गाद्या करायचे काम आम्हाला मिळाले. जहाजाची बाजू वळलेली असते, त्यामुळे एका खोलीची गादी दुसऱ्या खोलीत बसत नाही. प्रत्येक बाकावर खाकी कागद पसरून त्याचा नमुना कापावा लागला. मी चौदा नंबरच्या खोलीत गुडघ्यांवर बसून कागद कापत होते, आणि हे खाली धक्क्यावर टेम्पोतून फोमचे गठ्ठे उतरवत होते. तेवढ्यात जहाज एका धक्क्यावरून दुसऱ्या धक्क्यावर हलवले. आम्हाला कुणी सांगितलेच नव्हते.

मी उठून त्या बाकाच्या उघड्या फळीवर बसले. खिडकीच्या काचेपासून पाणी हातभर खाली होते. आधी गोदामे सरकली, मग क्रेन, मग आमचा टेम्पो, आणि टेम्पोमागून हातात मापाची फीत घेऊन जहाजाबरोबर धावणारे आमचे हे. त्यांना वाटले, जहाज मला घेऊन निघाले. मला हसू आवरेना, आणि मग एकदम रडूच आले. सगळे मिळून बारा मिनिटे झाली असतील. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बसायच्या जागा करत आले, पण अशी काही न करता नुसती बसलेली मला तेवढीच आठवते. मला त्या खिडकीत सात दिवस बसायचे आहे. एवढेच कारण आहे, दुसरे शोधू नये.

ह्यांचे म्हणणे पहिल्या दिवसापासून एकच. तिथल्या एका रात्रीच्या पैशात आपल्या चार गाद्या होतात. शिवाय ज्या गादीवर पैसे मोजून बसायचे ती आपणच शिवलेली, तिच्यात किती फोम आहे ते आपल्याला ठाऊक, मग वरचे पैसे कशाचे? पहिल्या वर्षी त्यांनी चौदा नंबरचे खाकी नमुने दुकानाच्या जमिनीवर मांडले, खडूने पलंग, कपाट, न्हाणीघर सगळे खऱ्या मापात आखले, आणि मला मध्ये उभे करून म्हणाले, यात पैसे कुठे गेले ते दाखव. मी काय दाखवणार? शिवणबाई झाडू घेऊन दारात थांबल्या होत्या. गिऱ्हाईक आले म्हणून तो खडू पुसला, नाहीतर मी तिथेच भांडण काढले असते.

मग दरवर्षी एक कारण निघाले. एका वर्षी मुलाने घर घेतले. एका वर्षी मशीनची मोटर जळली. एकदा ह्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन होते. बाकीच्या वर्षांत कारणही नव्हते, नुसते 'बघू' होते. घरातल्या प्रत्येकाचे बोलणे हल्ली 'त्या पैशात' या दोन शब्दांनी सुरू होते. मुलगा म्हणतो, आई, त्या पैशात घराला रंग होईल. मुलगी म्हणते, त्या पैशात मोठ्या जहाजावर तीनदा जाऊन येशील. माझ्या मागे वाटणीला बसल्यावर जो कुणी हे दोन शब्द उच्चारेल, त्याच्या वाट्यातले एका महिन्याचे व्याज शिवणबाईंना द्यावे. वकीलबाई म्हणतात हे कोर्टात टिकणार नाही. टिकू नये, पण वाचून तरी दाखवावे.

मोठ्या जहाजाचाही मी विचार केला, मी काही आंधळी नाही. ते एक तृतीयांश पैशात होते. तीन हजार माणसे असतात, नाटकगृह असते, दुकाने असतात, जेवायला रांग असते, आणि खिडकी असलीच तर पाणी आठ मजले खाली. छोट्यावर यातले काहीच नाही. जेवणाची एकच खोली, आणि करमणूक म्हणजे एकमेकांची तोंडे. पण मोठे जहाज ज्या खाड्यांमध्ये शिरू शकत नाही तिथे छोटे जाऊन थांबते, आणि पाणी हाताशी राहते. महाग आहे. मी कुठे नाही म्हणते? पण लायकीचे आहे की नाही हे गादीच्या भावाने ठरवत बसले तर आम्ही दुकानाच्या उंबऱ्याबाहेर कधी पडणारच नाही.

बुधवारी दुपारी, दुकान रिकामे असताना, मी ह्यांना सरळ विचारले. तो संवाद इथे लिहून ठेवते, कारण सात वर्षांत खरे उत्तर तेव्हाच मिळाले.

मी म्हटले, "गादीचं राहू द्या. तुम्हाला यायचंय की नाही, तेवढं सांगा."

त्यांनी मापाची फीत पुरती गुंडाळली. मग म्हणाले, "नाही आवडलं तर पैसे गेले. ते सोसेन मी. पण आवडलं तर?"

"आवडलं तर काय?"

"मग सात वर्षं तुला उगाच थांबवून ठेवलं, असं होईल ना गं. तेव्हा तुझे गुडघे चांगले होते."

मला इतका संताप आला की मी तशीच उठून वर घरात गेले. म्हणजे हा माणूस ती सफर वाईट निघेल म्हणून नाही, चांगली निघेल म्हणून भीत होता, आणि ती भीती माझ्या डोक्यावर गाद्यांच्या हिशेबाने रचत होता. माझे गुडघे त्यांच्या लक्षात आहेत हे ऐकून बरेही वाटले, त्याचा आणखी राग आला. गुरुवारी सकाळी मी एकटी बँकेत गेले, ठेव मोडली आणि पैसे भरून आले. वरचे कलम चार त्याआधी लिहिलेले आहे, पण खाडाखोड करायची गरज नाही, कारण वजाबाकी तीच राहते.

कलम पाच. खोली क्रमांक चौदा. खोली माझ्या नावावर आहे आणि दोघांचे पैसे भरलेले आहेत. दुसऱ्या जागेवर कुणाचे नाव घालायचे ते शनिवारी कळवायचे आहे. ती दुसरी जागा मी ह्यांना देत आहे. या मृत्युपत्रात ह्यांना मिळणारी ही एकच गोष्ट. ह्यांनी नको म्हटले तर शिवणबाईंचे नाव घालीन. त्यांना मी विचारले आहे, आणि त्यांनी एका मिनिटात हो म्हटले. जहाज सुटायच्या आधी माझे काही बरेवाईट झाले, तर खोलीतल्या दोन्ही जागा ह्यांच्या. मात्र मी नाही म्हणून सफर रद्द करू नये. एकट्याने जावे आणि खिडकीत बसावे. बाक मोजू नये.

जिवंतपणीची गोष्ट मृत्युपत्रात लिहीत नाहीत, असे वकीलबाईंनी मला दोनदा सांगितले. मी म्हटले, राहू द्या, आमच्या घरात लिहिल्याशिवाय काही ठरत नाही.

कलम सहा. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलीने करावी. ती भावाशी बोलताना रडते पण ऐकत नाही, तेव्हा तीच योग्य. माझ्यामागे माझी कुठलीही उशी किंवा गादी आठवण म्हणून जपून ठेवू नये. फोम दहा वर्षांत बसतो.

वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचला आहे आणि तो मला मान्य आहे.

लिहून ठेवणारीची सही: केली.

स्थळ: दुकानातले कापायचे टेबल.

दिनांक: चालू महिन्याची बारा तारीख, शुक्रवार, दुकान उघडल्यावर.

साक्षीदार पहिली: वरच्या मजल्यावरची परिचारिका. सही केली आणि कामावर गेली.

साक्षीदार दुसरा: शेजारचा चावीवाला. याबाबत खुलासा देणे आवश्यक आहे. या जागी ह्यांनी सही करायची असे सोमवारीच ठरले होते, कारण घरातल्या प्रत्येक कागदावर साक्षीदार म्हणून हेच सही करत आले आहेत. ह्यांनी पेन हातात घेतल्यावर वकीलबाईंनी त्यांना थांबवले. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचे मिळणे रद्द होते, असा नियम त्यांनी सांगितला. ह्यांनी विचारले, "म्हणजे मी सही केली की ती जागा गेली?" वकीलबाई म्हणाल्या, "हो काका. मग काकू शिवणबाईंचं नाव घालतील." मी मुद्दाम टेबलावरच्या टाचण्या गोळा करत राहिले. ह्यांनी चष्मा लावून कलम पाच पहिल्यापासून वाचले, आणि 'रद्द करू नये' या शब्दांवर बोट ठेवून विचारले, हे कशाला लिहिलेस. तुम्ही रद्द कराल म्हणून, असे मी सांगितले. त्यांनी पेनाला टोपण लावले, दारापर्यंत गेले, आणि चावीवाल्याला हाक मारली.

"जरा येतोस का? एक सही हवी आहे. मला नाही करता येणार, मला जायचंय."