सासरेबुवांची ब्यूक आणि माझी पहिली रेस

१२ सप्टेंबर १९४९, सोमवार
ठरलं. सूतगिरणी सोडायची आणि रेसिंग ड्रायव्हर व्हायचं. रविवारी जत्रेच्या मैदानावर मोठी रेस आहे. नियम एकच: गाडी नवी हवी, शोरूममधून आली तशीच. माझी फोर्ड जुनी. नियम करणाऱ्यांनी माझाच धसका घेतलेला दिसतोय.

१४ सप्टेंबर
घरात नवी गाडी एकच, सासरेबुवांची ब्यूक. चर्चच्या मंडळींनी वर्गणी काढून दिलेली. सासरेबुवा पाद्री. रविवारच्या रेसवर अशी आग पाखडतात की पुढच्या बाकांना घाम फुटतो. फक्त बायकोला, व्हर्लीनला सांगितलं. गाडीला ओरखडा आला तर माहेरी जाईन म्हणाली. माहेर पलीकडच्या गल्लीत आहे, पण तिचा सूर बरा नव्हता.

१५ सप्टेंबर
आजारी आत्याला भेटायला जायचंय म्हणून रविवार दुपारपुरती गाडी मागितली. लगेच हो म्हणाले. देवमाणूस. जरा लाजच वाटली. बक्षिसातून चर्चला घंटा घेऊन देणार.

१७ सप्टेंबर
जिवाला चैन नाही. राजीनामा द्यायला दोनदा गेलो, दोन्ही वेळा फोरमन जागेवर होता. परत आलो. आता रेस जिंकून सोमवारीच देईन, शोभेल तरी.

१८ सप्टेंबर, रविवार, सकाळ
प्रवचन रेसच्या पापावर. माझा पाय एकसारखा हलत होता. व्हर्लीनने चिमटा काढला.

संध्याकाळ
रेस झाली. शेवटचा आलो. पुढच्या सगळ्यांची धूळ मी एकट्याने खाल्ली, दिसणार काय कपाळ? तरी गाडीला ओरखडा नाही. याला कौशल्य लागतं, पण त्याचं बक्षीस ठेवत नाहीत. घाईघाईने पुसून गाडी परत केली. आत्या बरी आहे म्हणालो.

१९ सप्टेंबर
सासरेबुवांनी बोलावलं. व्हर्लीन आधीच तिथे. त्यांनी दार लावलं, मला वाटलं आता संपलं.

हळूच म्हणाले, "डेल्मर, प्रत्येक वळणावर ब्रेक कशाला मारत होतास? मी प्रेक्षकांत मागे टोपी डोळ्यांवर ओढून बसलो होतो, तरी लाजेने मान वर करवेना."

गाडीला जपत होतो म्हणालो.

"गाडीला नाही, स्वतःला," सासरेबुवा म्हणाले.

पुढच्या रविवारच्या रेसमध्ये ब्यूक व्हर्लीन चालवणार. ती लग्नाआधी चर्चचा ट्रक घाटातून पळवायची म्हणे. मला आजवर कोणी सांगितलं नाही. ब्यूक धुवायचं काम माझ्याकडे आलंय. म्हणजे टीममध्ये मी आहेच.