बावीस दिवसांची हजेरी

चि. वर्षाराणी,

तुझ्या महाविद्यालयाच्या ऑनलाइन व्यायामवर्गात बावीस दिवस तू नव्हतीस, मी होतो. तू अंथरुणातून उठेनाशी झालीस, तेव्हा खाडा पडू नये म्हणून तुझा तो हालचाल मोजून कॉलेजला कळवणारा पट्टा मनगटी बांधून मी रोज सूर्यनमस्कार घातले. व्यायाम संपल्यावर फोनवर येणाऱ्या 'आज मन कसे आहे?' या प्रश्नालाही मीच 'प्रसन्न' असे उत्तर देत गेलो.

आज सकाळी तुमच्या मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "आबा, नोंदींत नात लई खुश दिसायली तुमची! ज्या पोरी खचल्यात त्यांच्या घरी आम्ही जातो, हिला काही गरज न्हाई."

बाळ, माझ्या हातून अनर्थ झाला. तुझ्यासाठी येणारी माणसे मीच दारातून परतवली.

सारे सांगून मॅडमना सोबत आणण्यासाठी मी चाकूरहून लातूरला निघालो आहे. शेजारच्या अयोध्याकाकू तुझ्या सोबतीला ओसरीवर बसल्या आहेत. त्यांच्याशी बोलली नाहीस तरी चालेल. फोन आणि पट्टा या चिठ्ठीजवळ ठेवले आहेत. आजच्या प्रश्नाचे उत्तर मी दिलेले नाही. जे खरे असेल तेच तू लिही.

आणि हात जोडून विनवितो, मी परतेपर्यंत खोलीला आतून कडी लावू नकोस.

तुझा आबा